माहिती पाहिजे, मॅडम

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प स्पायरल होऊन आले की मी सर्वांत आधी ऋणनिर्देशाचं पान उघडते. त्यात प्राचार्य असतात, विभागप्रमुख असतात, आई-वडील असतात, 'प्रत्यक्ष व अप्रत्यक्षपणे सहकार्य करणारे सर्व' असतात आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'ज्यांनी वेळोवेळी मोलाचे ग्रंथ उपलब्ध करून दिले त्या ग्रंथपाल मॅडम' असतात. वाचून कुणालाही भरून यावं. फक्त यातल्या बहुतेकांना मी पहिल्यांदा पाहते ती 'नो ड्यूज'च्या सहीला आलेली. ज्यांच्या नावावर तीन वर्षांत एकही पुस्तक गेलं नाही, त्यांच्याकडून ग्रंथालयाचं काही येणं नाही, असं मी सही-शिक्क्यानिशी लिहून देते. इतकं निखळ खरं प्रमाणपत्र महाविद्यालयातून दुसरं कुठलं निघत नसावं.

मग पाहते शेवटचं पान, संदर्भसूची. '१) गुगल. २) विकिपीडिया. ३) यूट्यूब. ४) इंटरनेट.' एकाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर 'स्वतःचे विचार' होते. त्या मुलाबद्दल मला आदर वाटला. प्रकल्प वाचल्यावर कळलं की हाही संदर्भ त्यानं न पाहताच दिला होता.

या सगळ्यावरच्या औषधाला 'माहिती साक्षरता' असं भारदस्त नाव आहे. १९७४ साली अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी ही कल्पना मांडली. हे झुर्कोव्स्की माहितीचा धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, हे मी मुलांना आवर्जून सांगते. विकणाऱ्यांचा पुढारीच म्हणतो की घेणाऱ्यांना पारखायला शिकवा, तेव्हा माल कसा असेल ते ओळखावं.

आमच्याकडे ही साक्षरता जुलैतल्या एका दुपारी उरकते. सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं आमचं महाविद्यालय. प्रथम वर्षाची सगळी मुलं सभागृहात बसवतात आणि मी पडद्यावर चित्रं सरकवत जाते: हे देवघेव टेबल, हा संदर्भ विभाग, हे ओपॅक, हे एन-लिस्टचं लॉगिन, या वाचनकक्षाच्या वेळा. नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलसाठी फोटो निघतो. त्यावर अक्षांश-रेखांश उमटलेले लागतात, त्यामुळे त्या दुपारी आम्ही पृथ्वीवर नेमके कुठे होतो याबद्दल शंका राहत नाही. मुलांची मनं कुठे होती, त्याची नोंद ठेवायला अजून कुणी सांगितलेलं नाही. शेवटी 'काही शंका?' म्हटलं की मागच्या रांगेतून एक हात वर होतो. दरवर्षी हात वेगळा, शंका तीच. वायफायचा पासवर्ड.

त्याच तासात ड्यूई येतो. मेल्विल ड्यूईनं १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान शून्य ते ९९९ या आकड्यांत बसवलं. अमेरिकी साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२० अशी ऐसपैस जागा मिळाली आणि मराठीच्या वाट्याला आलं ८९१.४६. तुकारामांपासून नामदेव ढसाळांपर्यंत सगळे दशांशचिन्हाच्या पलीकडे, दाटीवाटीनं. हे सांगताना पोरांना थोडा राग यावा अशी माझी इच्छा असते. येत नाही. ती आकडा फोनमध्ये टिपून घेतात. परीक्षेला येईल असं त्यांना वाटतं.

ओपॅकची, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथयादीची, गंमत पुढे कळते. आमच्या यादीत जुनी मराठी पुस्तकं रोमन लिपीत चढवलेली आहेत. ज्ञानेश्वरीतला 'ज्ञ' कुणी डी-एन-वाय असा लिहिला, कुणी जे-एन असा, तर एकानं सरळ जी-वाय. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या प्रती तीन ठिकाणी सापडतात, नाहीतर एकाही ठिकाणी सापडत नाहीत. गुगल चुकलेली अक्षरं पोटात घालतं. ओपॅक 'शून्य नोंदी' म्हणतं आणि गप्प बसतं. मुलांचा निष्कर्ष असा की आपल्या लायब्ररीत ज्ञानेश्वरी नाही.

१२ ऑगस्टला आम्ही ग्रंथपाल दिन करतो आणि रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. फोटोतला माणूस इतका गंभीर दिसतो की त्याची गोष्ट किती मजेदार आहे हे कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि त्या शांततेला थोड्याच दिवसांत इतके विटले की मला माझं शिकवणं परत द्या म्हणून विद्यापीठाच्या मागे लागले. आधी लंडनला जाऊन या, तरीही नको वाटलं तर बघू, असं त्यांना सांगण्यात आलं. ते गेले, आणि परत आले ते कायमचे ग्रंथपाल होऊनच. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपानं मांडले. मला नोकरीभर पुरलेला आणि आता छळू लागलेला त्यातला नियम चौथा: वाचकाचा वेळ वाचवा.

हा नियम कुणी मनापासून पाळला असेल तर तो गुगलनं. आम्ही कपाटं नीट लावली, तक्ते टांगले, बाणांच्या खुणा चिकटवल्या; त्यानं कपाटच खिशात आणून दिलं. वेळ वाचवायच्या शर्यतीत माझा नंबर आता पुढल्या जन्मीही लागायचा नाही. तेव्हा मी गुपचूप बाजू बदलली आहे. वाचकाचा वेळ जाईल कसा, हे मी पाहते. हार घालताना रंगनाथन यांच्याकडे सरळ बघत नाही एवढंच.

कारण संशोधन म्हणून जे काही आपल्याकडे झालं ते वेळ घालवणाऱ्यांनीच केलं. आमच्याच जिल्ह्यातल्या वाईत इतिहासकार वि. का. राजवाडे यांना जुनी कागदपत्रं मिळाली, त्यांवरून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि पुढे दप्तरांच्या मागे गावोगाव फिरत खंडांची संख्या २२ वर गेली. त्याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम चालवलं. पहिला खंड १९७६ साली आला. आज तो सगळा विश्वकोश फोनवर फुकट उघडतो. वाईहून रोज एसटीनं येणाऱ्या मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, "आमच्या वाईत?" आणि दाखवला की पहिल्यांदा वाईच शोधतात. शोधू देत. गावापासून सुरुवात झालेली केव्हाही बरी.

गैरसमज नको म्हणून सांगते, आमचा वाचनकक्ष ओस नसतो. सकाळी सातला भरतो. पण ती सगळी स्पर्धा परीक्षेची मुलं. पुस्तकं त्यांची स्वतःची, डबे स्वतःचे, पाण्याच्या बाटल्या स्वतःच्या. आमचं ते घेतात काय, तर पंखा, ट्यूबलाइट आणि शांतता. त्यांना ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरं हवी असतात आणि त्याबद्दल मला त्यांना काही म्हणायचं नाही. घरची परिस्थिती मला माहीत आहे.

प्रकल्पवाल्यांची गोष्ट वेगळी. प्रकल्पवाल्याचं पहिलं वाक्य मला पाठ आहे.

"मॅडम, माहिती पाहिजे."

"कशाची?"

"प्रोजेक्टची."

"विषय काय आहे?"

"सरांनी दिलाय." मग फोनमध्ये बघून, "ग्रामीण अर्थव्यवस्था: समस्या व उपाय."

"कुठल्या गावाची?"

"ग्रामीण."

इथं पूर्वीची मी लगेच उठले असते आणि ग्रामीण अर्थशास्त्रावरची चार पुस्तकं काढून दिली असती. वेळ वाचला असता. त्यानं चारांतली चार पानं फोनमध्ये टिपून, 'शेतकरी'च्या जागी 'कृषीवल' आणि 'पाणी'च्या जागी 'जल' घालून प्रकल्प सजवला असता. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याविषयीच्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. याचा विद्यार्थीजगतात लागलेला अर्थ 'दहा टक्के कॉपी अलाउड' असा आहे, आणि उरलेले नव्वद टक्के अशा समानार्थी शब्दांच्या भरवशावर तरतात. पण तो मुलगा आला तेव्हा पाऊस होता, देवघेवीला कुणी नव्हतं आणि मला बोलायला माणूस हवा होता.

"तुझं गाव कुठलं?"

त्यानं सांगितलं.

"काय आहे गावात?"

"काहीच नाही, मॅडम."

हे उत्तर प्रत्येकजण देतो. ज्यांच्या गावात हेमाडपंती देऊळ, धरण आणि साखर कारखाना आहे तेही हेच म्हणतात.

"बाजार भरतो?"

"भरतो की. गुरुवारी."

मी त्याला साताऱ्याचं गॅझेटिअर काढून दिलं. राज्य शासनाचं, १९६३ सालचं, जाडजूड, इंग्रजी. इंग्रजी म्हटल्यावर चेहरा पडला, पण शेवटचा भाग उघडून दिल्यावर सावरला. तिथं इंग्रजी अशी नाहीच, नुसत्या खुणा आहेत. जिल्ह्यातल्या गावागावाची तिथं नोंद आहे: लोकसंख्या किती, घरं किती, टपाल कचेरी किती लांब, मोटारीचा थांबा कुठे, पाणी विहिरीचं की नदीचं, आठवडी बाजार कुठे आणि कुठल्या वारी. शेवटच्या रकान्यात शाळा, देवळं, मशीद, चावडी, धर्मशाळा आणि जत्रेची तिथी, सगळं दोन-तीन अक्षरांत आवळलेलं. आपल्या गावाचं नाव छापलेलं दिसलं की माणसाचं बोट आपोआप त्यावर टेकतं. त्याचंही टेकलं, ओळीवरून सरकत गेलं आणि शेवटच्या रकान्यात अडलं.

"मॅडम, आमच्या गावात तेव्हा जिम होती?"

जी-वाय-एम. तसंच छापलं होतं. संक्षेपांची यादी शोध म्हटलं. ती सापडायला त्याला बराच वेळ लागला, मी मदत केली नाही. जिम म्हणजे व्यायामशाळा किंवा तालीम. "तालीम आहे की," म्हणाला, "पडलीय. ग्रामपंचायतीचे पाइप ठेवलेत आत." कुठलाही संदर्भग्रंथ उघडला की आधी त्यातल्या खुणांची यादी पाहावी, हे मी जुलैच्या भाषणात दरवर्षी सांगते आणि ते सभागृहाबाहेर जात नाही. जिम पाहिल्यावर त्याला ते पुन्हा सांगावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या एका मुलाला यादी दाखवत होता.

बाजाराच्या रकान्यात गुरुवार होता. "बरोबर आहे," असं त्यानं शासनाला प्रशस्तिपत्र दिलं आणि पुस्तक मिटायला लागला. मग मी जुनं काढलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा एकोणिसावा खंड, १८८५ सालचा, जेम्स कॅम्बेलच्या मालिकेतला. त्यात मोठ्या आणि बाजारपेठेच्या गावांचं वेगळं प्रकरण आहे. त्याच्या गावाला दोन ओळी मिळाल्या होत्या आणि त्यांत बाजाराचा वार मंगळवार होता.

"छपाईची चूक असेल, मॅडम."

"असेल. कुठल्या पुस्तकातली?"

तो गप्प बसला. इतक्या वर्षांत मी हे शिकले आहे की अशा वेळी आपण तोंड उघडायचं नाही. शिक्षकाला हे सर्वांत अवघड जातं. आपल्याला उत्तर ठाऊक नसलं तर थोडं सोपं जातं. मला ठाऊक नव्हतं.

घरी जाऊन त्यानं आजीला विचारलं. आजी म्हणाली, पहिल्यापासून गुरुवारच. हे सांगायला तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम आला, बहुतेक कॅम्बेलसाहेब हरला असं त्याला वाटत होतं. मी विचारलं, "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" पुन्हा गेला. आजीचं 'पहिल्यापासून' तिच्या लग्नापासून सुरू होत होतं. लग्न कुठल्या साली, ते तिला सांगता येईना. पण कोयनेच्या भूकंपाच्या आधी दोन वर्षं, हे पक्कं होतं. भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. लग्न साधारण १९६५चं. म्हणजे आजीही खरी, १९६३चं पुस्तकही खरं, आणि कॅम्बेलला खोटं ठरवायला कुणाकडेच पुरावा नाही. १८८५ आणि १९६३ यांच्या मध्ये कधीतरी मंगळवारचा गुरुवार झाला होता आणि गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आता त्याच्याकडे प्रश्न होता. 'ग्रामीण अर्थव्यवस्था: समस्या व उपाय' हा प्रश्न नव्हे, त्यावर माहिती गोळा करत बसलं तर जन्म जाईल आणि न बसलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही. बाजाराचा वार कधी आणि का बदलला, हा प्रश्न एवढासा आहे, पण तो झोपू देत नाही. माहिती साक्षरतेच्या कार्यशाळांत आम्हाला शोध घेण्याची तंत्रं शिकवतात: अवतरणचिन्हं कुठे घालायची, 'आणि', 'किंवा', 'नाही' हे बूलचे शब्द कसे वापरायचे. तंत्रं उपयोगी आहेत, नाही म्हणत नाही. पण ती सगळी पहिल्या पायरीनंतरची. ज्याला काही जाणूनच घ्यायचं नाही त्याला अवतरणचिन्हं देऊन काय होणार?

मग तो ग्रामपंचायतीत गेला आणि सवयीनं म्हणाला, "माहिती पाहिजे." ग्रंथालयात या दोन शब्दांनी काही हलत नाही. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला आणि हळूच विचारलं, कुणी पाठवलंय? २००५च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानं या शब्दांना काय वजन आलंय हे पोराला तिथं कळलं. बाजाराच्या वाराची चौकशी आहे म्हटल्यावर ग्रामसेवकांच्या जिवात जीव आला आणि त्यांनी कपाटच उघडून दिलं. सर्वांत जुनं इतिवृत्त साठ सालानंतरचं. त्यात बाजार वसुलीच्या लिलावाचा ठराव होता, वार गुरुवार. मागचं काही नाही.

दोन म्हाताऱ्यांकडून दोन कारणं मिळाली. एकाच्या मते शेजारच्या मोठ्या गावानं मंगळवार धरला, मग व्यापारी तिकडे जाऊ लागले, म्हणून आपण गुरुवार घेतला. दुसऱ्याच्या मते पटकीच्या साथीत बाजार बंद पडला आणि पुन्हा भरला तो गुरुवारी. दोघांनीही हे आपापल्या वडिलांकडून ऐकलेलं. "यातलं खरं कुठलं लिहू?" असं त्यानं विचारलं. दोन्ही लिही, म्हटलं, आणि कुणी सांगितलं तेही लिही. त्याला हे फसवणुकीसारखं वाटलं. इतके हेलपाटे घालून उत्तर एक नाही!

याच दिवसांत त्याच्याच वर्गातली एक मुलगी छापील यादी घेऊन आली. विषय जात्यावरच्या ओव्या. दहा पुस्तकं, लेखक, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठ क्रमांक, स्वल्पविराम जागच्या जागी. इतकी सुबक संदर्भसूची मी प्राध्यापकांच्या प्रबंधांतही पाहिलेली नाही. आमच्या मामांनी, म्हणजे ग्रंथालय परिचरांनी, यादी हातात घेतली आणि ते कपाटांकडे गेले. मामांना पुस्तकं पाठीच्या रंगावरून कळतात. दुपारभर शोधून ते दोन पुस्तकं घेऊन आले, धुळीनं भरलेले, आणि गंभीरपणे म्हणाले, "बाकीची आठ चोरीला गेलीत, मॅडम. एकाच माणसाचं काम आहे. सगळी एकाच विषयाची उचललीत."

ती आठ पुस्तकं कधी लिहिलीच गेली नव्हती. यादी चॅटजीपीटीनं दिली होती. त्याला संदर्भाचा घाट उत्तम ठाऊक आहे; ते पुस्तक कुठल्या कपाटात उभं आहे का, हा प्रश्न त्याला पडतच नाही. मुलीला वाईट वाटू नये म्हणून मी तिला न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. २०२३ साली तिथल्या वकिलांनी अशाच यंत्राकडून घेतलेले, कधीच न झालेले सहा खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. ती म्हणाली, "म्हणजे वकीलसुद्धा?" आणि बरीच सावरली.

मग आम्ही उलटं शिकलो: पुस्तक खरोखर असेल तर त्याचा माग कुठे कुठे उमटतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० सालापासूनच्या मराठी पुस्तकांची जी सूची केली ती खाली उतरवली. दोन खंडांत ती १९५० पर्यंत येते. पुढच्या पुस्तकांसाठी १९५४चा कायदा आहे: प्रकाशकानं नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची. सगळेच पाठवतात असं नाही, पण पुस्तकाचा मागमूस एकाही यादीत नसेल तर संशय घ्यायला हरकत नाही. हे करता करता तिला खरा खजिना सापडला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून बायकांकडून जमवलेल्या ओव्या, एक लाखाहून जास्त, आणि त्यांतल्या कितीतरी 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. आठ न लिहिलेली पुस्तकं ती विसरली. मामा विसरले नाहीत. पुस्तकं नव्हतीच, हे त्यांना पटत नाही. साल आणि पानांचे नंबर असल्यावर पुस्तक नाही म्हणजे काय, असा त्यांचा सवाल आहे, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

मजकुरावर विश्वास कधी ठेवायचा, हे शिकवताना मी पूर्वी तक्ता द्यायचे: लेखक कोण, तारीख काय, भाषा कशी, हेतू काय. मुलं प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण करायची आणि भलत्याच संकेतस्थळाला शंभर गुण द्यायची. मग स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचं काम वाचनात आलं. त्यांनी दहा इतिहासतज्ज्ञ, दहा बातम्या पडताळणारे व्यावसायिक आणि पंचवीस विद्यार्थी संगणकापुढे बसवले आणि काही संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी तर फसलेच, पण डॉक्टरेटवाले इतिहासकारही फसले, कारण ते विद्वानासारखे ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले. पडताळणीवाले पानावर थांबलेच नाहीत. त्यांनी लगेच शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि हे लोक कोण आहेत, हे इतरांना विचारलं.

हे वर्गात समजावायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. स्थळ आल्यावर आपण काय करतो, एवढंच विचारलं. मुलाचा बायोडेटा चारदा वाचून कुणी मुलगी देत नाही. बायोडेट्यात सगळेच निर्व्यसनी असतात. आपण त्याच्या गावातल्या ओळखीच्याला फोन लावतो, तो किराणा दुकानदाराला विचारतो, मामाच्या साडूचा कुणी त्याच कंपनीत असतो. मुलाला कळायच्या आत त्याची तीन पिढ्यांची माहिती आपल्याकडे येते. वर्ग खदखदून हसला आणि एक मुलगी म्हणाली, "म्हणजे वेबसाइटची सोयरीक बघायची!" पुढे आठवडाभर मुलं माझ्याकडे स्थळं घेऊन येत होती. एकानं फोनवर आलेली पु. ल. देशपांडे यांची म्हणून एक कविता आणली. शेजारीपाजारी विचारायचीही गरज पडली नाही. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले आणि कवितेत व्हॉट्सॲपची निळी खूण होती.

बाजारवाल्या मुलाचा प्रकल्प मात्र अडचणीत आला. मार्गदर्शक सर माझ्याकडे आले. माणूस सज्जन, पण त्यांच्या हाताखाली चाळीस प्रकल्प. "मॅडम, पोराला कुठे भलतीकडे नेलंत?" प्रकल्पाचा साचा ठरलेला असतो: प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं किमान तीन, निष्कर्ष, शिफारशी. आणि गृहीतकं सिद्ध व्हावी लागतात. आमच्या महाविद्यालयात आजवर एकही गृहीतक पडल्याचं मला आठवत नाही. या मुलानं पहिलंच लिहिलं होतं, 'गावच्या बाजाराचा वार पूर्वापार गुरुवार आहे', आणि निष्कर्षात ते असिद्ध केलं होतं. "गृहीतक चुकलंच कसं?" हा सरांचा प्रश्न त्याच्या चारित्र्याविषयी असल्यासारखा होता. मी म्हटलं, सर, विज्ञान शाखेत याला शोध म्हणतात. ते म्हणाले, आपली कला शाखा आहे.

शेवटी तडजोड झाली. शीर्षक बदलता येईना, कारण ते विद्यापीठाला कळवून झालं होतं. तेव्हा मुखपृष्ठावर 'समस्या व उपाय' राहिलं आणि आत मंगळवार-गुरुवार. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी शीर्षक वाचलं आणि विचारलं, "उपाय काय सुचवाल?"

"वार आता बदलू नये, सर," तो म्हणाला.

गुण बरे मिळाले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं स्पायरल करताना एक जादा प्रत ठेवून घेतली. चांगला माल तो पारखतो. पुढच्या वर्षी माझ्या टेबलावर त्याच शीर्षकाचे तीन प्रकल्प आले, तीन वेगवेगळ्या गावांचे. तिन्ही गावांत मंगळवारचा गुरुवार झाला होता आणि तिन्ही आज्यांची लग्नं कोयनेच्या भूकंपाच्या आधी दोन वर्षं झाली होती. त्यांतल्या एका गावात बाजार भरतच नाही.